बॉम्बवाले आहेरमामा

आहेरमामांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे बॉम्ब माणसावर टाकायचा नसतो.

"मॅडम, माणूस काय दगड हाय का जागेवर बसायला? तो पळणार. तो जिकडं पळणार तिकडं टाका."

हे शिक्षण अंबडच्या एका फोर्जिंग कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, डायच्या म्हणजे साच्यांच्या रॅकमागच्या बाकावर चालायचं. खेळ मोबाइलवरचा. चौघांची आपली टोळी, चौघांची समोरची, एक ओसाड गाव, बंदुका, आणि ज्यांचा माणूस शेवटपर्यंत उभा राहील ते जिंकले. मी तिथं क्वालिटीला, म्हणजे तयार माल तपासायला होते, वय सत्तावीस. हॅमर शॉप या विभागाच्या टोळीतला चौथा गडी नोकरी बदलून चाकणला गेला म्हणून माझी भरती झाली होती. बाकीचे तिघं म्हणजे भट्टीवरचा विलास, हॅमरवर मदतनीस असलेले सादिकभाई, आणि खुद्द हॅमर चालवणारे पोपटराव आहेर. गाव देवळ्याकडचं, वय पन्नाशीला टेकलेलं, उंची बेताची आणि मनगटं माझ्या दुप्पट. खिशात चष्मा असायचा. तो खेळताना निघायचा, काम करताना नाही, आणि यावरून माझी त्यांची रोज वादावादी व्हायची.

या खेळात बॉम्बची पिन काढली की पाच सेकंदांनी तो फुटतो. घाबरट माणूस पिन काढतो आणि लगेच फेकतो. समोरच्याला पळायला भरपूर वेळ मिळतो. मामा पिन काढायचे आणि बॉम्ब हातातच ठेवायचे. "मुरू दे," म्हणायचे, लोणच्याबद्दल बोलावं तसं. मग हनुवटी हलवत मोजायचे. लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ती सवय त्यांनी बॉम्बलाही लावली होती. चारला सोडायचे, आणि बॉम्ब जमिनीला टेकायच्या आत फुटायचा. तोवर शेजारी बसलेल्या आमचा जीव टांगणीला. एखादा आकडा चुकला तर स्वतः तर मरणारच, वर आम्हालाही घेऊन जाणार.

बाकावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं, हा त्यांचा नियम होता. मी पहिल्या दिवशी बाईमाणूस म्हणून वीतभर अंतर ठेवून बसले, तर म्हणाले, "ताई, इथं सोवळं नाय चालायचं. गुडघा इकडं आणा." तेव्हापासून मी मॅडमची ताई झाले. गुडघ्याचा एक धक्का म्हणजे बॉम्ब सुटला. दोन म्हणजे पळा. आणि कोणी मागून आलं तर आम्ही त्यांना धक्का द्यायचा, ओरडायचं नाही. हॅमर शॉपमध्ये एरवीही कोणाचं कोणाला ऐकू जात नाही, त्यामुळे ही खाणाखुणांची भाषा सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. डाव्या गुडघ्यावर सहा महिने निळा डाग होता, एवढंच.

खरी गोष्ट आताच सांगून टाकते. मामांना ऐकू येत नव्हतं. अगदी ठार बहिरे नव्हते, पण जवळपास तसंच. एकोणीस वर्षं त्या हॅमरशेजारी उभं राहून कान गेले होते, आणि हे त्यांनी साऱ्या कारखान्यापासून लपवलं होतं.

यात लपवण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. त्यासाठी हॅमर समजून घ्यायला हवा. तापून लाल झालेला लोखंडाचा तुकडा डायमध्ये ठेवतात. हॅमर चालवणारा पेडलवर पाय देतो आणि वरून टनभर वजन येऊन त्यावर आदळतं. सादिकभाई सांडशीनं तुकडा सारखा करायचे, डायला तेल मारायचे. म्हणजे त्यांचे हात दर मिनिटाला त्या वजनाखाली. सांडशी आत अडकली किंवा हात निघायला उशीर झाला, तर शेजारी एक दोरी लोंबत होती ती ओढायची. कानात बोळे घातलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा कर्कश भोंगा वाजायचा, आणि मामांनी पाय उचलायचा. सादिकभाईंचे दोन हात त्या भोंग्याच्या भरवशावर होते. घरी दोन मुली, आई, आणि मिळवते हात तेवढेच दोन.

मामांचं बहिरेपण आमच्या लक्षात कसं आलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. कारण आम्ही त्यांना बडबड्या समजायचो. ते समोरच्याला बोलूच द्यायचे नाहीत. "जेवला का विलास? जेवला असशील. मेथी होती ना? मला वाटलंच." प्रश्न त्यांचा, उत्तरही त्यांचंच. फोन आला की कापायचे आणि लिहायचे, "फोटो टाका." बायकोनं एकदा कसला फोटो टाकू असं विचारलं, तर त्यांनी गावाकडच्या बोलीत लिहिलं, "जे बोलायचं शे त्याचा." त्या माउलीनं खरंच कागदावर चार ओळी लिहून कागदाचा फोटो पाठवला. आम्ही पोट धरधरून हसलो होतो, आणि मामाही हसले होते.

खेळात मात्र कान नसण्याचं त्यांनी सोनं केलं होतं. असल्या खेळात निम्मी लढाई आवाजावर चालते. कोण जिन्यावर आहे, कोण गवतातून सरकतंय, सगळं पावलांवरून ओळखायचं असतं. मामांना पावलं ऐकू यायची नाहीत, म्हणून ते लोकांना हलवायचे. एकदा प्रेस शॉपवाल्यांशी सामना होता. त्यांचे तिघं एका दुमजली घरात दडून बसलेले, आणि आमच्याकडे मी आणि मामा दोघंच उरलेलो. मी म्हटलं, आता संपलं. मामांनी पहिला बॉम्ब पिन काढल्याबरोबर फेकला, मुद्दाम, खालच्या दारापाशी. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात चुकला. तो फुटायला वेळ होता, त्यामुळे आतली मंडळी जिन्यानं वर पळाली. मग त्यांनी आम्ही मुळीच जाणार नव्हतो त्या बाजूला धुराचा बॉम्ब टाकला. वरचे तिघं आम्ही धुरातून येणार म्हणून त्या खिडकीशी जमले. मामांनी तिसऱ्याची पिन काढली. लाभ, दोन, तीन. माझ्या गुडघ्याला एक धक्का बसला. बॉम्ब खिडकीच्या चौकटीला आपटून आत गेला आणि एकदम तीन नावं पुसली गेली.

"माणसाला नाय मारायचं," मामा चष्मा पुसत म्हणाले. "त्याची जागा मारायची. जागा गेली की माणूस आपोआप आपल्या हाताखाली येतो."

प्रेस शॉपवाले पंधरा दिवस आमच्याशी नीट बोलत नव्हते.

मला कळलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी सकाळी यंत्रांची पूजा, हॅमरला झेंडूची माळ, पेढे, आणि मग काम बंद. त्या वर्षी ऑफिसनं कँटीनमध्ये खेळाची स्पर्धाही ठेवली होती. अंतिम सामना आमचा आणि टूलरूमचा. नियम असा निघाला की एकमेकांच्या पडद्यावर डोकावता येऊ नये म्हणून प्रत्येकानं वेगळ्या टेबलावर बसायचं आणि कानाला हेडफोन लावायचे. गुडघ्यांची साथ तुटली. मामांचा चेहरा उतरलेला मी पाहिला, पण गर्दीला बुजले असतील असं वाटलं.

सामना रंगला होता. मामा एका पडक्या खोलीत कोपऱ्यात उभे, आम्ही तिघं त्यांच्या शेजारी. त्यांनी पिन काढली. आणि मला माझ्या हेडफोनमध्ये लाकडी जिन्यावर पावलं ऐकू आली, स्पष्ट, आमच्याच पाठीमागं. मी ओरडले, "मामा, मागे!" विलास ओरडला. कँटीनमध्ये बघणारेही ओरडले. मामांची हनुवटी शांतपणे मोजत होती. मागून गोळी लागली, ते पडले, पिन काढलेला बॉम्ब त्यांच्या हातातून आमच्या पायाशी घरंगळला आणि आम्ही चौघंही गेलो. स्वतःच्या बॉम्बनं टोळीचा खात्मा. टूलरूमवाले टेबलांवर चढून नाचले. आमच्यावर इतके हसले की शेवटी आम्हालाही हसू आलं.

मामांनी हेडफोन काढून ठेवले तेव्हा मी त्यांची वायर गुंडाळायला घेतली. तिचं टोक मोबाइलमध्ये नव्हतंच. त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. सगळा सामना ते नुसतेच हेडफोन डोक्याला लावून बसले होते.

मला ते टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर मामा एकटे चहा पीत होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "मामा, उद्या सुट्टी आहे का?"

"उद्या कसली सुट्टी?" मामा म्हणाले. "झाली की आता."

त्यांना एक क्षण लागला. टपरीवाल्याचा स्टोव्ह, रस्त्यावरचे ट्रक, त्यांना काय ऐकू येत होतं आणि काय नाही कोण जाणे, पण माझ्या तोंडातून आवाज निघाला नव्हता हे त्यांना कळलं. त्यांनी कप टेकवला.

"कधीपासून?" मी विचारलं. या वेळी आवाज काढून.

"सहा-सात वर्षं झाली."

"दरवर्षी कानाची टेस्ट होते की. पास कसे होता?"

यावर ते चक्क थोडे खुलले. आपली युक्ती कोणाला सांगता आली नव्हती, ती आता सांगता येत होती याचा आनंद असावा. तपासणीच्या गाडीत काचेची खोली असते. कानाला हेडफोन लावतात, हातात एक बटण देतात, बारीक आवाज आला की दाबायचं. "यंत्रावर बसणारा पोरगा कंटाळलेला असतो, ताई. दर चार मोजले की तो आवाज सोडतो. आणि सोडताना त्याचा खांदा हलतो. मी खांदा बघतो."

"आणि सादिकभाईंचा भोंगा?"

"भोंगा मला पायात कळतो. पेडल थरथरतं." मग जरा थांबून म्हणाले, "मार्चमधे मला हॅमरवर वीस वर्षं होतात. आमच्या गावात माझ्या घराला हॅमरवाल्याचं घर म्हणतात. वीस झाली की मी स्वतः साहेबांकडं जातो, काढा म्हणतो. तोवर कोणाला बोलू नका."

मी कोणाला बोलले नाही. रोज कामावर मी केसाएवढी चीर दिसली की तयार माल बाजूला काढायची. अख्खी पेटी नापास करायची आणि वर तोऱ्यात सही करायची. आणि इथं डोळ्यांदेखत एवढी मोठी चीर मी पास करत होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पुन्हा गुडघ्याला गुडघा लावून बसायला लागलो, आणि त्यांचा धक्का बसला की आता माझी नजर पडद्यावरून सादिकभाईंच्या हातांकडं जायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी हॅमरपासून वीस फुटांवर मापं घेत होते. सादिकभाईंची सांडशी डायमध्ये अडकली. त्यांनी एका हातानं ती ओढली, दुसऱ्या हातानं दोरी. भोंगा वाजला. कानात बोळे असूनही माझ्या दातांपर्यंत पोचला. मामा भट्टीकडे बघत होते, विलास पुढचा तुकडा घेऊन येत होता तिकडं. भोंगा वाजतच होता आणि मामांचा पाय पेडलवरच होता. मला ओरडता आलं नाही. ओरडून उपयोग नव्हता हे फक्त मला ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यानंच माझे पाय जमिनीला खिळले. सादिकभाईंनी सांडशी सोडून हात मागे घेतला आणि वजन खाली आलं. सांडशी उडाली ती पत्र्याच्या भिंतीला भोक पाडून गेली.

सादिकभाई आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत उभे होते, उलटे-सुलटे करून.

"मामा, भोंगा!" ते ओरडले. "भोंगा बजा रहा था ना मैं!"

मामांनी त्यांचा चेहरा पाहिला, भिंतीचं भोक पाहिलं, आणि सगळं ओळखलं. "पाय अडकला रे पेडलात," ते म्हणाले. सगळ्यांनी विश्वास ठेवला. वीस वर्षांचा अनुभवी माणूस, कशाला खोटं बोलेल.

त्या दिवशी सुटल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "मामा, आता तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

"मार्चपर्यंत, ताई."

"मामा, ते हात..."

"मी आता नजर हलवत नाय त्याच्यावरून. लेकीची शपथ. तीन-चार महिने राहिले फक्त."

आणि खरंच, त्यानंतर ते सादिकभाईंच्या हातांवरून नजर हलवायचे नाहीत. भट्टीकडं बघायचे नाहीत, माझ्याकडं बघायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत डोळे लालभडक व्हायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकदम. दिवसाला तो हॅमर किती वेळा खाली येतो हे क्वालिटीच्या माणसाला माहीत असतं. मी घरी भात ढवळताना मोजायला लागले होते.

जानेवारीत तपासणीची गाडी येणार अशी नोटीस लागली, आणि त्याच सकाळी मी आमचे शॉपप्रमुख साळवे साहेब यांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. चार मोजण्याची युक्ती सांगितली, खांद्याचंही सांगितलं. मी याला पुष्कळ नावं देऊन पाहिली. कळवलं, कर्तव्य केलं, एका माणसाचे हात वाचवले. सगळं खरं आहे. पण ज्या माणसानं विश्वासानं सांगितलं होतं त्याची मी चुगली केली, हेही खरं आहे, आणि बाहेर पडल्यावर मला तेवढंच आठवत होतं.

साळवे साहेब भले माणूस. म्हणाले, "तुझं नाव कुठं येणार नाही."

तपासणीच्या दिवशी रांगेत मामा माझ्या पुढे होते. खुशीत होते. मला म्हणाले, "घाबरू नका, ताई, टोचत नाय." ते काचेच्या खोलीत गेले, हेडफोन लावले, बटण हातात घेतलं आणि हनुवटी हलायला लागली. यंत्रावर या वेळी एक मुलगी होती. तिनं आपल्यापुढं एक मोठी फाइल उभी करून ठेवली होती. तिचे हात दिसत नव्हते, खांदा दिसत नव्हता.

मामांनी चारला बटण दाबलं. मुलीनं कागदावर काही लिहिलं. पुन्हा चार, पुन्हा दाबलं. ती नुसती बसून होती. काहीच सोडलं नव्हतं तिनं. मग तिनं लागोपाठ सोडलं असावं, कारण तिथल्या छोट्या दिव्याची उघडझाप मला बाजूनं दिसत होती, आणि मामा अजून तीनवरच होते. त्यांची हनुवटी थांबली. ते फाइलकडं बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि काचेतून सरळ माझ्याकडं पाहिलं.

मी माझ्या बुटांकडं बघत होते. मला नजर वर करता आली नाही. परत पाहिलं तेव्हा त्यांनी बटण टेबलावर ठेवलं होतं आणि हेडफोन स्वतःच काढले होते. मुलगी हातानं थांबा थांबा करत होती. ते बाहेर आले, माझ्या शेजारून गेले आणि रजिस्टरवर सही केली. माझा नंबर आला होता. आत शिरून मी तेच हेडफोन लावले, अजून गरम होते, आणि मला प्रत्येक आवाज ऐकू आला.

त्यांना पॅकिंगला टाकलं. पगार तोच राहिला, कंपनीनं कानाचं मशीनही करून दिलं. वीसला दोन महिने कमी पडले. पॅकिंगची जेवणाची सुट्टी अर्धा तास आधी व्हायची, त्यामुळे बाकावरचा खेळ बंद पडला. विलासनं एकदा नवा गडी आणला. त्यानं पिन काढल्याबरोबर बॉम्ब फेकला आणि आम्ही तिघांनीही मोबाइल खिशात ठेवले. सादिकभाईंचे हात शाबूत आहेत, दहाच्या दहा बोटं. त्यांना मामांच्या कानांचं सगळं कळलं होतं, तरी ते मामांच्याच बाजूचे. "किसी ने चुगली की है मामा की," माझ्याच समोर बसून म्हणायचे. "मिळू दे फक्त." मी त्यांच्या कपात चहा ओतत राहायची.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेत मी पॅकिंगला गेले. सादिकभाई सोबत होते, चार पावलं मागं. मामा आमच्याकडं पाठ करून एका खोक्याला पट्टी आवळत होते. उजव्या कानामागं मशीन दिसत होतं. ते हल्ली सदैव लावलेलं असतं आणि मामांना आता सगळं ऐकू येतं, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं.

"मामा," मी हाक मारली. जरा मोठ्यानं पुन्हा मारली, "आहेरमामा!"

त्यांनी पट्टी आवळली, दुसरी घेतली. मला वाटलं, मशीन बंद असेल. सेल गेले असतील.

तेवढ्यात माझ्या मागून सादिकभाई त्यांच्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाले, "मामा, चाय."

मामा लगेच वळले. "आलो रे," म्हणाले, हात पुसले, आणि माझ्या शेजारून चहाला निघून गेले.